आधी तिच्या आईला शोधा



समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ फिरत होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल, मला तर तो चार ग्रुपांवरून आला. खारीचं एक पिल्लू, डोळे मिटलेले, अंगावर केसांची नुसती सावली. त्याला बाहुलीच्या पलंगावर उताणं झोपवलंय आणि कुणीतरी ड्रॉपरने त्याच्या तोंडात दूध घालतंय. दुधाचा बुडबुडा नाकातून बाहेर येतोय आणि मागे कौतुकाचं हसू ऐकू येतंय. खाली लिहिलंय, जीवदया हाच खरा धर्म. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. ती संपेपर्यंत माझा अंगठा दुखायला लागला.

मी एकच ओळ लिहिली, ‘नाकातून दूध येतंय म्हणजे ते फुप्फुसात जातंय, ताबडतोब थांबवा.’ त्यावर एका ज्येष्ठांचं उत्तर आलं, ‘ताई, भाव महत्त्वाचा.’

माझं भांडण याच वाक्याशी आहे. ग्रुपवर भांडलं की ॲडमिन लगेच सुप्रभातचं चित्र टाकतात, म्हणून इथे लिहिते.

भाव महत्त्वाचा असता तर आपल्या आचार्यांना हिंसेची व्याख्या करायला इतके कष्ट पडले नसते. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ज्यांनी स्वाध्यायात वाचलाय त्यांना आठवेल, हिंसेची व्याख्या तिथे प्रमादापासून सुरू होते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मनात द्वेष नव्हता, मारायचं नव्हतं, एवढ्यावर सुटका होत नाही. बघून वागलात का, हा प्रश्न आहे. म्हणून तर आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, चूल पेटवण्याआधी लाकूड झटकत होतो. पाणी गाळताना कुणी म्हणत नाही की कापड फाटकं असलं तरी चालेल, भाव महत्त्वाचा. मग ज्याचं हृदय करंगळीच्या नखाएवढंही नाही अशा जिवाच्या नरड्यात दूध ओततानाच भाव कसा पुरेसा होतो?

मी हे कुठे वाचून लिहीत नाही. माझ्याकडे एक वही आहे. बी.कॉम. होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, नोकरी कधी केली नाही, पण दोन बाजूंचा हिशेब मांडायची सवय गेली नाही. ‘त्या काकू जैन आहेत, त्या ठेवून घेतील’ म्हणून वॉचमन, शाळेतली पोरं, एकदा तर दूधवाला, पिल्लं आणून दारात ठेवून जातात. नऊ वर्षांत खारीची १४ पिल्लं आली. सहा आईकडे परत गेली. राहिली आठ. त्यातली तीन गेली, पाच मोठी होऊन झाडावर गेली. गेलेल्या तिघांपैकी दोघं माझ्याकडे येण्याआधी दोन-तीन दिवस दुसऱ्यांच्या घरी होती आणि दोन्ही घरांत त्यांना गाईचं दूध पाजलं होतं. पोट ढोलकीसारखं फुगलेलं, मागची बाजू जुलाबाने माखलेली, आणि घेऊन येणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पिल्लू मात्र मेलं.

वहीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा पाचचा नाही, सहाचा आहे. आईकडे परत गेलेली सहा. माझ्या मते पिल्लू वाढवणं हा पराभवानंतरचा मार्ग आहे आणि आपण तो पहिला धरतो. कारण उघड आहे. आईने पिल्लू उचलून नेलं तर आपल्या हातात फोटो उरत नाही.

आपल्याकडे तीन पट्ट्यांच्या आणि पाच पट्ट्यांच्या, अशा दोन खारी दिसतात. दोन्हींची पिल्लं जन्मतात ती आंधळी, उघडी, गुलाबी. एका वेळेला दोन किंवा तीन. डोळे उघडायला साधारण तीन आठवडे आणि दूध सुटायला दहाएक आठवडे लागतात. घरटं म्हणजे काथ्या, कापूस, चिंध्या, सुतळीचे धागे असा गोळा. ते झाडाच्या बेचक्यात असेल, नाहीतर एसीच्या मागे, गॅलरीतल्या नको असलेल्या खोक्यात, मीटरच्या पेटीत. फांदी तुटली, रंगारी आला, एसीवाला आला की तो गोळा खाली. आणि खालचं पिल्लू पाहिलं की आपण ठरवून टाकतो, अनाथ आहे.

अनाथ कसं? तिची आई बहुतेक वेळा पन्नास फुटांवर ओरडत असते. तो चिक्-चिक् आवाज आपल्याला ऐकू येत नाही, कारण आपण सगळे पिल्लाभोवती गोल करून उभे असतो. आपण तिथून हलल्याशिवाय ती खाली येणार नाही. ती पिल्लाला तोंडात धरून नेते, एकेक करून नेते, आणि एक घरटं मोडलं तर दुसरीकडे हलवते. मी हे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीनदा पाहिलंय. एकदा तिने पहिलं पिल्लू नेलं आणि दुसऱ्यासाठी परत यायला पाऊण तास लावला. तो पाऊण तास खाली उभ्या असलेल्या शेजारणीला आवरताना माझी जी दमछाक झाली ती पिल्लांना रात्री दूध पाजतानाही झाली नाही. ‘ती नाही येणार हो, सोडून दिलं तिने,’ असं तिचं चाललं होतं.

‘माणसाचा हात लागला की आई घेत नाही.’ हे मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की आता मी मोजणं सोडलं. खारीच्या बाबतीत हे खरं नाही. माझ्या वहीतली सहाच्या सहा पिल्लं हाताने उचललेली होती. मला तर वाटतं, हा समज टिकून राहिला कारण तो सोयीचा आहे. एकदा हात लागला, आता आई घेणार नाही, म्हणजे आता पिल्लू आपलं. शेजाऱ्याचं मूल रस्त्यावर पडलं तर आपण त्याला उचलून घरी नेऊन त्याचं बारसं करतो का? आधी हाक मारतो, अहो, तुमचं मूल!

तर करायचं काय ते सांगते, कारण नुसतं टीका करून मोकळं होणाऱ्यांचाही मला राग येतो. पिल्लू हातात घ्या, थंड आहे का बघा. थंड असेल तर आधी ऊब, बाकी सगळं नंतर. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, बुटांच्या खोक्यात ठेवा आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात लपेटून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर ते बाजूला सरकू शकेल. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. अंगावर मुंग्या आहेत का पाहा. या मुंग्या फार वाईट, मऊ कातडी कुरतडतात. मऊ कुंच्याने त्या अलगद काढा. फवारा मारू नका, मुंगी काही आपली वैरी नाही आणि त्या औषधाने पिल्लूही मरेल. मग पिल्लू गरम झालं, जखम नाही, की त्याच झाडाला हात पोचेल तितक्या उंचीवर खोकं किंवा छोटी टोपली बांधा. सावलीत. आणि आत जा. मांजर येत नाही ना एवढं खिडकीतून बघा. पिल्लू ओरडेल, ओरडू द्या, तेच त्याचं बोलावणं आहे.

खार दिवसा वावरणारी. अंधार पडला की ती येत नाही. तोवर नेलं नाही तर पिल्लू रात्री घरात ठेवा, ऊब द्या, आणि उजाडताच खोकं पुन्हा झाडाला. माझ्याकडचं एक पिल्लू दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गेलं. मी अभिषेक चुकवून बसले होते. मंदिरात कुणीतरी विचारलंच, आज काय झालं? मी सांगितलं, एक आई यायची होती.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळते, कारण फक्त दूध पाजणारेच चुकतात असं नाही. एक मोठा वर्ग असा आहे जो पिल्लू पाहतो आणि म्हणतो, ज्याचं त्याचं कर्म. हात जोडतो आणि पुढे जातो. यात ज्ञानी म्हणवणारे जास्त. अधूनमधून आचार्य भिक्षूंचं नाव घेतात. श्वेतांबर तेरापंथाची स्थापना करणाऱ्या या आचार्यांनी अठराव्या शतकात लौकिक दया वेगळी आणि लोकोत्तर दया वेगळी असा भेद मांडला, हे खरं आहे. कुणाचा जीव वाचवणं म्हणजे मोक्षमार्ग नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. तो वाद मोठा आहे आणि माझ्यासारखीने त्यात पडू नये. पण मी काही मोक्षाचा हिशेब विचारत नाही. मी गृहस्थ आहे, मला गृहस्थाचं काम विचारायचंय. आपल्या परंपरेत सम्यक्त्वाच्या खुणा सांगितल्या आहेत, प्रशम, संवेग, अनुकंपा, आस्तिक्य. अनुकंपा त्या यादीत उगीच आलेली नाही.

आणि कर्म म्हणायचंच असेल तर नीट म्हणा. पिल्लाचं आयुष्य त्याच्या कर्माने ठरलं असेल. फांदी कुणी तोडली? आपल्या सोसायटीने. ठराव कुणी केला? आपण, चहा-बिस्किटं खात. मग खाली पडलेल्या पिल्लाकडे बघून ‘त्याचं कर्म’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर आपली उधारी टाकणं झालं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षालाही अशी नोंद चालत नाही.

असो. समजा सगळं करून झालं. दोन दिवस खोकं लावलं, आई आली नाही. किंवा आई तारेवर मेलेली सापडली. किंवा पिल्लू मांजराच्या तोंडातून सुटलंय, जखमी आहे. तेव्हा मात्र वाढवावं लागतं, आणि तेव्हा ते काम म्हणून करावं लागतं.

पहिला फोन जनावरांच्या डॉक्टरांना. दुसरा वनखात्याला, महाराष्ट्रात त्यांचा १९२६ हा क्रमांक आहे. खार ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. ती पाळता येत नाही, विकत घेता येत नाही, पिंजऱ्यात ठेवून पाहुण्यांना दाखवता येत नाही. हे सांगितलं की लोक बिचकतात आणि म्हणतात, मग नकोच ती भानगड. भानगड कसली? आपल्याकडे काय आहे ते सांगायचं आणि ते सांगतील तसं करायचं.

मग दूध. गाईचं दूध नको. म्हशीचं नको. साखर घालून पातळ केलेलंही नको. गाईच्या दुधात चरबी साडेतीन-चार टक्के, ते वासराच्या पोटासाठी बनलंय. खारीचं दूध कितीतरी दाट असतं. त्यामुळे गाईचं दूध पिऊन पिल्लाचं पोट भरलेलं दिसतं आणि आतून ते उपाशी राहतं, वर जुलाब. कुत्र्याच्या पिल्लांसाठी जी दुधाची पावडर मिळते ती डॉक्टर सांगतात. इथे आपल्या घरांतला प्रश्न येतो, कारण काही डब्यांत अंड्याची पावडर असते. मी लेबल वाचून, नसलेला डबा शोधून आणते, नाही मिळाला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने शेळीचं दूध. लेबल वाचायला पाच मिनिटं लागतात. आपण बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शोधतोच की.

मधाचं बोट चाटवा, असं सांगणाऱ्या कितीतरी बायका भेटल्या. आपल्या घरात मध नसतो आणि पिल्लालाही त्याची गरज नाही. सुकलेल्या पिल्लाला, म्हणजे ज्याची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहते त्याला, पहिल्या एक-दोन खेपा दूधसुद्धा द्यायचं नाही. कोमट ओआरएस, थेंबथेंब. आणि थंड पिल्लाला काहीच पाजायचं नाही, त्याला ते पचत नाही, पोटात तसंच राहून नासतं. आपल्याला घाई भरवायची असते. आपण आया आहोत, कुणीही दारात आलं की आधी ताट वाढतो. इथे ती सवय मारते.

सुई काढलेली एक मिलीची सिरिंज. पिल्लू पोटावर किंवा थोडं उभं धरायचं, उताणं कधीच नाही. थेंब ओठाला लावायचा, चाटू द्यायचा. कापसाची वात दुधात बुडवून चोखायला देतात त्याचे धागे पोटात जातात. एका खेपेला किती? वजनाच्या साधारण पाच टक्के. २० ग्रॅमचं पिल्लू असेल तर एक मिली. एक मिली म्हणजे किती ते सिरिंजवर बघा एकदा. व्हिडिओतल्या त्या ड्रॉपरमध्ये त्याच्या दुप्पट तरी दूध होतं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने मागची बाजू हलकेच पुसायची, कारण डोळे मिटलेल्या वयात त्याला आपणहून लघवीसुद्धा होत नाही, आई चाटून करवते. हे न केल्यामुळे गेलेली पिल्लं किती असतील कोण जाणे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. वहीत लिहायचं. वजन वाढलं नाही तर डॉक्टर. पिल्लू ‘आनंदी दिसतंय’ याला काही अर्थ नाही, काटा काय म्हणतो ते खरं.

आणि हे दर दोन-तीन तासांनी. रात्रीसुद्धा.

यावरून माझ्याच नात्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला बरंच ऐकवलं. आमच्या घरी सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही, सासूबाईंच्या आधीपासून. ‘तुमच्या घरात रात्री दोन वाजता दूध कोमट करतात म्हणे,’ असं त्या मंदिराच्या पायरीवर बसून, चार जणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, ‘आत्या, तुमच्या नातवाला तो दोन महिन्यांचा असताना रात्री काय देत होता?’ त्या गप्प झाल्या, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून इथे पुन्हा लिहिते. रात्रिभोजनत्याग हे माझं व्रत आहे, मी ते समजून घेतलंय. ते माझ्या जिभेवर आहे. माझं व्रत दुसऱ्याच्या पोटावर लादायला मला कुणी सांगितलेलं नाही. उलट त्याच सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत अन्नपाण्याला अडवणं हा एक आहे. आपल्या ताब्यात असलेल्या जिवाला भूक लागलेली असताना न देणं. ताब्यात घेतलंत, तर भुकेची जबाबदारी घेतलीत. ती रात्री दोन वाजता झोपायला जात नाही.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पिल्लू घेऊ नये. मी हे रागाने म्हणत नाही. घरात आजारी माणूस असतं, सून बाळंत असते, आपले गुडघे बोलत असतात. जमत नाही म्हणणं यात काहीही कमीपणा नाही. फोन करा, जो करू शकतो त्याच्याकडे त्याच दिवशी पोचवा. तीन दिवस हौस करून, पिल्लू मान टाकायला लागलं की मग ‘काकू बघा ना’ म्हणून आणू नका. सातव्या दिवशी दुसरा हौशी येतो तो नातवंडांचा. सुट्टीत मुलांना गंमत म्हणून. मुलांना गंमत हवी तर खिडकीत पाण्याचं भांडं ठेवा, खारी स्वतः येतील.

पाच अतिचारांतला पहिला बंध. बांधून ठेवणं. आता खरी अडचणीची गोष्ट इथे आहे, कारण दूध चुकवणाऱ्यांना समजावता येतं, पण ज्यांनी पिल्लू व्यवस्थित वाढवलं त्यांना ते सोडा म्हणून सांगणं फार कठीण. पिल्लू सहा-सात आठवड्यांचं झालं की खांद्यावर चढतं, पदरात झोपतं, हाक मारली की येतं. कुणालाही वाटेल, हे आता आपलंच. ‘सोडलं तर मांजर खाईल हो,’ असं म्हणतात. खाईलही. मी सोडलेल्या पाचांपैकी किती जगली ते मला माहीत नाही, दोन मी आठ-पंधरा दिवस ओळखत होते, मग सगळ्या खारी सारख्या दिसायला लागल्या. पण मांजर खाईल म्हणून पिंजऱ्यात ठेवायचं असेल तर मग झाडावरच्या सगळ्याच खारी आणून कोंडाव्या लागतील. त्यांनाही मांजर खातं.

आपण चार दानं मानतो, आहार, औषध, शास्त्र, अभय. जेवण घातलं, डॉक्टर केला, आणि चौथ्याला थांबलो. अभयदान म्हणजे काय? भीती काढून घेणं. खारीला सगळ्यात मोठी भीती कुणाची, तर आपली. आणि ती भीतीच तिला शहरात जिवंत ठेवते. माणसाला न घाबरणारी खार आज तुमच्या खांद्यावर चढली, उद्या रस्त्यावर कुणाच्याही खांद्यावर चढेल, आणि त्या माणसाच्या हातात चप्पल असेल. म्हणून शक्य असेल तर दोन पिल्लं एकत्र वाढवावीत, म्हणजे ती एकमेकांची राहतात. डोळे उघडले की कुरवाळणं कमी करत न्यायचं. दिल्लीला लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं रुग्णालय आहे, आपल्याच समाजाने चालवलेलं. तिथे बरा झालेला पक्षी ज्याने आणला त्याच्या पिंजऱ्यात परत जात नाही, आकाशात सोडतात. आपल्यापैकी कितीतरी जण तिथे दर्शनाला जाऊन, देणगी देऊन, पावती घेऊन आलेत. घरी आल्यावर मात्र गॅलरीत पोपट.

खाण्याचंही तसंच. दूध सुटायला लागलं की लोक शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया घालतात, कारण खार ते आवडीने खाते. नुसत्या त्यावर वाढलेल्या खारीची हाडं मऊ पडतात, मागचे पाय ओढत चालते. कोवळी पानं, कळ्या, फळांचे तुकडे, भाज्या हवीत. आणि गंमत म्हणजे वड, पिंपळ, उंबर, ज्या उदुंबर फळांचा आपण त्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे त्याग करतो, तीच खारीची आवडती. मी ती फळं घरात आणत नाही, पिल्लाला झाडाजवळ नेऊन ठेवते. ती काय खाते ते तिचं तिने पाहावं.

मोठी जाळीची पेटी झाडाजवळ ठेवायची, आठवडाभर तिथेच राहू द्यायचं, मग दार उघडं. खाणं काही दिवस आत ठेवत राहायचं. दहा-बारा आठवड्यांनंतर ती पेटीसुद्धा उचलायची. मी पिल्लू आलं की पहिल्याच दिवशी वहीत सोडायचा महिना लिहून ठेवते. नंतर लिहायला गेलं तर हात चालत नाही.

पण या सगळ्याच्या आधीची गोष्ट राहिली, आणि ती आपल्या हातात सगळ्यात जास्त आहे. दर मे महिन्यात सोसायट्यांमध्ये पावसाळ्याआधीची छाटणी होते. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरांतल्या झाडांसाठी कायदा आहे, झाड तोडायला परवानगी लागते, हे कमिटीला माहीत असतं, परवानगीचा कागद फाइलमध्ये असतो. त्या कागदावर घरट्याचा रकाना नसतो. छाटणीवाले सकाळी येतात, संध्याकाळपर्यंत काम संपवायचं असतं, फांदीवर काय आहे हे बघायचे पैसे त्यांना कुणी दिलेले नसतात. गृहस्थाला झाड छाटावं लागतं, ती आरंभी हिंसा, ती पूर्ण टाळता येत नाही हे मलाही कळतं. न बघता छाटणं मात्र टाळता येतं. आपले मुनिमहाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. आपल्याला फांदी तोडण्याआधी मान वर करून बघता येत नाही?

पर्युषणात जीवदयेच्या नावाने बोली लागते, मोठ्या रकमा बोलल्या जातात, टाळ्या होतात. त्यातली एक बारीकशी रक्कम छाटणीच्या आदल्या दिवशी एक शिडी आणि एक जाणकार माणूस यासाठी खर्च केली तर माझ्या दारात खोकी येणार नाहीत. हे मी मंदिराच्या कमिटीतही बोलले. ‘ताई, हा धार्मिक खर्चात कसा बसवायचा?’ असं विचारलं गेलं. खातं मी सुचवलं, जीवदया. अजून उत्तर आलेलं नाही.

आमच्या सोसायटीत मात्र सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले आणि दोन गोष्टी लिहून घेतल्या. छाटणीच्या आधी दोन दिवस प्रत्येक झाड खालून पाहायचं, घरटं दिसलं तर त्या फांदीला लाल चिंधी बांधायची आणि ती फांदी पिल्लं जाईपर्यंत ठेवायची. आणि छाटणी चालू असताना आमच्यापैकी एक जण खाली थांबायचा, खोकं आणि साडीचा तुकडा घेऊन. अध्यक्ष म्हणाले, थांबणार कोण? मी, समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघी, आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा. शनिवारी सकाळी सात वाजता झाडं बघायला सुरुवात करतोय. दुर्बीण माझ्याकडे आहे, चिंध्या फाडून ठेवल्यात. शिडी वॉचमनकडे आहे, ती तेवढी कुणीतरी धरायला यावं.